धामणगाव ते मांडवी: कमी खर्चातली पोकरची सहल

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला आणि मोबाइलवर पैसे लावून खेळायचं पोकर बंद पडलं. गावात पैसे लावून पत्ते कुटणं १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाच आहे. तरी पोळ्याच्या करीला आणि दिवाळीत शेतातल्या कोठ्यावर एक्का-बादशहाचे डाव पडतात, धाड पडते, पेपरात चार ओळी येतात. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोसाठी वेगळा कायदा करून ठेवला होता. तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्यामुळे विदर्भातल्या माणसाला खऱ्या टेबलावर, पोलिसांची भीती न बाळगता पोकर खेळायचं असेल तर सोयीचं ठिकाण गोवा. तिथे १९७६ च्याच जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलात यंत्रांवरचे खेळ आले आणि १९९६ मध्ये बोटींवर टेबलावरच्या खेळांना वाट मिळाली. पोकरची टेबलं म्हणूनच पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या बोटींवर लागतात.

ही सहल बुधवारी निघून सोमवारी परतायची आहे. त्यामागे गाडीचं वेळापत्रक आहे. नागपूर-मडगाव विशेष गाडी (०११३९) बुधवारी आणि शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास नागपूरहून सुटते. परतीची ०११४० गुरुवारी आणि रविवारी रात्री आठच्या सुमारास मडगावहून. गाडी ‘विशेष’ आहे, म्हणजे मुदतवाढीवर चालते. तिकीट काढताना तुमच्या तारखेला ती धावते का ते आधी पाहा, मग बाकीचं.

शनिवारी निघून शुक्रवारी परतायचा बेत कागदावर स्वस्त दिसतो. सोमवार ते बुधवार खोल्याही स्वस्त आणि कॅसिनोचा प्रवेशही. पण पोकरला समोर माणसं लागतात. आठवड्याच्या मधल्या दिवसांत लहान ब्लाइंडचं (ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्याआधीच दोन खेळाडूंना लावावी लागणारी ठरलेली रक्कम) टेबल लागेलच असं नाही, आणि लागलं तर त्यावर रोजचे मुरलेले खेळाडू बसलेले असतात. सुट्टीवर आलेला, दोन पेग घेतलेला, प्रत्येक पत्ता पाहायचाच म्हणणारा पर्यटक शुक्रवारी-शनिवारी येतो. खोलीचे हजार वाचवून टेबल गमावण्यात काही अर्थ नाही.

महिना निवडायचा तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा. कापसाचे वेचे बहुतेक उरकलेले असतात, तूर घरात येत असते, आणि गोव्यात नाताळ-नववर्षाची भाववाढ उतरलेली असते. फेब्रुवारीत कार्निव्हलचे चार दिवस टाळा. पावसाळ्यात खोल्या निम्म्यावर येतात हे खरं, पण कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या हळू धावतात.

निघण्याआधी

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. स्लीपरचे एका बाजूचे ८०० रुपये धरा. जाता-येताचं तिकीट एकदमच काढा. परतीचं ‘तिथूनच पाहू’ म्हणणारा माणूस रविवारी तत्काळच्या मागे लागतो, आणि बिगर-एसी तत्काळ सकाळी अकराला उघडतं तेव्हा रात्रभर खेळलेला माणूस झोपलेला असतो. शिवाय तत्काळला आता आधारची पडताळणी लागते, ती आयत्या वेळी होत नाही.

कागदपत्रं: आधार किंवा वाहन परवाना, आणि पॅन कार्ड, मूळ प्रती. कॅसिनोत २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. कपड्यात एक पूर्ण पँट, एक कॉलरचा शर्ट आणि बूट हवेतच. हाफ पँट आणि चपलेवर पुरुषांना दारातून परत पाठवतात, मग पणजीच्या अठरा जून रस्त्यावर घाईघाईत बूट घ्यावे लागतात.

पैशाचे तीन पुडके करा. पहिलं प्रवास, खाणं आणि राहण्याचं. दुसरं खेळाचं. तिसरं परतीचं: हजार-पंधराशे रुपये, पिशवीच्या तळाशी, चिकटपट्टी लावून. कापसाचा चुकारा ज्या खात्यात जमा होतो त्या खात्याचं कार्ड आणि त्याला जोडलेलं यूपीआय घरी ठेवा. सहलीसाठी वेगळं खातं, त्यात खेळाच्या पुडक्याएवढीच रक्कम. पहाटे तीनला ‘अजून एकदा’ वाटतं तेव्हा निश्चय कामी येत नाही, रिकामं खातं येतं.

सरावाला बावन्न पत्ते आणि तुरीचे दाणे पुरतात. चौघे-पाचजण जमा, प्रत्येकाला शंभर दाणे द्या, एक-दोन दाण्यांचे ब्लाइंड लावा. पैसा नको. तीन पत्ती खेळलेल्याला पोकरमध्ये दोन गोष्टी जड जातात: बोली लावायला आपली जागा डीलरच्या बटणापासून (वाटणाऱ्याची जागा दाखवणारी, दर डावाला पुढे सरकणारी खूण) किती लांब आहे याने फरक पडतो हे, आणि पत्ते टाकून देणं ही हार नव्हे हे. नऊ जणांच्या टेबलावर दहापैकी आठ वेळा पत्ते टाकायचेच असतात. गावच्या मंडळींना हे कंटाळवाणं वाटतं. ते कंटाळवाणं आहेच.

बुधवार: गाव ते गाडी

यवतमाळकडच्यांनी धामणगाव, आर्वीकडच्यांनी पुलगाव, अमरावतीवाल्यांनी बडनेरा आणि बुलढाण्याच्या लोकांनी शेगाव किंवा मलकापूर गाठावं. एसटी एक तास आधी पोचेल अशी धरा. वेळापत्रकात जी गाडी तुमच्या रेल्वेच्या वीस मिनिटं आधी पोचते ती धरू नका. धामणगावला रेल्वे साडेचार-पावणेपाचच्या सुमारास येते. एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे हे हिशोबात घ्या.

शिदोरी दोन वेळची हवी: आज रात्रीची आणि उद्या दुपारची. दशम्या, तिखटाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा. भाजी नको, उन्हात डब्यात आंबते. शेगावला फलाटावर कचोरी मिळते, ती रात्रीच्या जेवणाला पुरते. गाडी थोडाच वेळ थांबते म्हणून सुटे पैसे हातात ठेवून दारात उभं राहावं. पाण्याच्या दोन बाटल्या घरूनच.

गुरुवार: करमळी, पणजी, झोप

रात्रीतून नाशिक, मग कल्याण, पनवेल, आणि दिवसभर कोकण. खिडकी डावी की उजवी यावर डब्यात वाद होतात. पूल आणि बोगदे दोन्हीकडून सारखेच दिसतात.

पणजीला जाणाऱ्याने मडगावपर्यंत जायचंच नाही. करमळीला उतरायचं. मडगावहून पणजी ३३-३४ किलोमीटर, करमळीहून ११-१२. करमळी स्टेशन जुन्या गोव्याला लागून आहे. रिक्षाने मुख्य रस्त्यापर्यंत या, तिथून पणजीच्या बस सारख्या सुरू असतात. स्टेशनावरूनच थेट पणजीची टॅक्सी सांगितली तर बसच्या कितीतरी पट मोजावे लागतात. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत, गोवामाइल्स नावाचं ॲप चालतं; ते घरून निघतानाच फोनवर घेऊन ठेवा. मडगावला उतरलातच तर कदंब महामंडळाची विनाथांबा बस धरा.

खोली पणजीतच घ्या, आणि बोटीच्या जेट्टीपासून चालत जाता येईल अशी: पाटो, मळा, फोंताईन्हासच्या मागच्या गल्ल्या, अठरा जून रस्त्याच्या आतली बाजू. कळंगुट-बागाला डॉर्मिटरी स्वस्त मिळते, पण रात्री अडीच-तीनला बोटीवरून उतरल्यावर तिथे जायला टॅक्सी लागते, आणि दोन रात्रींच्या टॅक्सीत वाचलेले पैसे जातात. स्कूटर भाड्याने घेऊन हे सोडवू असं वाटत असेल तर बोटीवर दारू फुकट असते आणि रस्त्यावर पोलिस असतात, एवढं लक्षात असू द्या. दोघांत खोली घेतली तर माणशी हजाराच्या आत-बाहेर पडते. डॉर्मिटरीत त्याहून कमी. डॉर्मिटरीत कुलूप लागणारी पेटी आहे का ते विचारा आणि कुलूप घरून न्या.

कॅसिनोवालेच खोली, प्रवेश, जेवण आणि कूपन मिळून पॅकेज विकतात. पर्यटकाला ते बरं पडतं, पोकर खेळणाऱ्याला सहसा नाही. कारण पॅकेजच्या किमतीत जे कूपन धरलेलं असतं ते पोकरच्या टेबलावर चालत नाही. मोठ्या स्पर्धांच्या दिवसांत मात्र आयोजक हॉटेलांशी बोलून खेळाडूंसाठी वेगळा दर ठरवतात. तो जाहिरातीत नसतो, विचारल्यावर सांगतात.

आज खेळायचं नाही. चोवीस तास स्लीपरने आलेला माणूस दहा वाजता टेबलावर बसला की बाराला डुलक्या घेतो आणि दीडला सगळे चिप्स (पैशाऐवजीच्या चकत्या) पुढे ढकलतो. संध्याकाळी पोकर रूमला फोन लावा. पणजीत पोकरसाठी डेल्टिन रॉयल आणि बिग डॅडी या बोटींची नावं घेतली जातात. दोन्हीकडे हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा. उद्या सगळ्यात लहान ब्लाइंड कोणते लागतील आणि किती वाजता? कमीत कमी किती चिप्स घ्यावे लागतात? सांगितलेल्या रकमेत जीएसटी धरलेला आहे की वरून लागेल? फक्त पोकर खेळणाऱ्याला प्रवेशशुल्कात सूट आहे का? रेक (प्रत्येक डावातून कॅसिनो कापून घेतो तो वाटा) किती टक्के आणि त्याची कमाल मर्यादा किती? नाव आताच प्रतीक्षायादीत घालतात का तेही विचारून घ्या.

शुक्रवार: पहिली रात्र

सकाळी उशिरा उठा. कॅफे भोसले किंवा कॅफे टॅटोत भाजी-पाव खा, दुपारी माशाची किंवा शाकाहारी थाळी. माशाची सवय नसलेल्या वऱ्हाडी पोटाने खेळाच्या दिवशी प्रयोग करू नयेत. फिरायचं असेल तर जेट्टीजवळून बेतीला जाणारी फेरीबोट पायी माणसाला फुकट आहे. नदीच्या मधून सगळे कॅसिनो एका रांगेत दिसतात.

आता हिशोब. ही सहल ज्यावर उभी आहे किंवा आडवी होते तो हाच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी तो २८ होता. हा कर जिंकण्यावर नाही, तुम्ही चिप्स घ्यायला जी रक्कम देता तिच्यावर आहे. म्हणजे कर वरून लागत असेल तर १०,००० चे चिप्स १४,००० ला पडतात. आत धरलेला असेल तर १०,००० दिल्यावर हातात ७,१४३ चे येतात. आणि न खेळता चिप्स परत केले तरी भरलेला कर परत मिळत नाही, नियमातच तसं आहे. जिंकलेले चिप्स पुन्हा डावात लावले तर मात्र त्यावर दुसऱ्यांदा कर नाही.

१००/२०० चे ब्लाइंड (लहान १००, मोठा २००) धरू. कमीत कमी चिप्स ५० मोठ्या ब्लाइंडचे, म्हणजे १०,००० चे. त्यावरचा कर ४,०००, म्हणजे २० मोठे ब्लाइंड. समोरासमोरच्या टेबलावर चांगला खेळाडू तासाला ५ मोठे ब्लाइंड, म्हणजे १,००० रुपये काढतो असं धरलं, तर पहिले चार तास तो फक्त कर फेडत असतो. त्यात रेक वेगळा. आता बाकीचा खर्च मांडा: गाडी १,६००, एसटी-बस-रिक्षा ४००, तीन रात्री खोली ३,०००, चार दिवसांचं खाणं १,६००, दोन रात्रींचा प्रवेश प्रत्येकी ३,५०० धरून ७,०००. बेरीज १३,६००. गावापासून गावापर्यंतचा सगळा खर्च चिप्सच्या एका खरेदीपेक्षा कमी आहे. म्हणून काटकसर करायची ती चिप्सच्या काउंटरवर. स्लीपरऐवजी जनरलमध्ये बसून दोन-तीनशे वाचवणारा आणि मग एका रात्रीत तीनदा चिप्स घेणारा माणूस उलटा हिशोब करतोय.

यातून चार गोष्टी ठरतात.

चिप्स कमीत कमी घ्या. पोकरच्या पुस्तकात भरपूर चिप्स घेऊन बसावं असं सांगतात, ते ज्या देशात चिप्सच्या खरेदीवर कर नाही तिथे खरं. इथे ४०,००० चे घेऊन त्यातले ३०,००० परत केले, तर न खेळलेल्या ३०,००० वर १२,००० कर गेला. कमी पडले तर नंतर भर घालता येते.

टेबल बदलायचं असेल तर चिप्स हातात घेऊन टेबल बदला. मधेच पैसे करून घेऊन पुन्हा चिप्स घेतले की पुन्हा ४० टक्के. उद्याही याच बोटीवर यायचं असेल तर रात्री उठताना चिप्स पोकर रूमच्या खात्यात ठेवता येतात का ते विचारा, आणि ठेवलेत तर पावती घ्या.

बोट बदलू नका. एका कॅसिनोचे चिप्स दुसऱ्याला चालत नाहीत.

आणि ज्या टेबलावर सक्तीचा स्ट्रॅडल (मोठ्या ब्लाइंडच्या वर लावावा लागणारा दुप्पट ब्लाइंड) आहे तिथे बसू नका. १००/२०० वर ४०० चा स्ट्रॅडल पडला की तुमचे ५० ब्लाइंड २५ होतात.

संध्याकाळी पाच-साडेपाचला जेट्टीवर जा. ओळखपत्र, फोटो, प्रवेशाचा पट्टा, मग छोट्या बोटीने पाच-दहा मिनिटांत कॅसिनोवर. प्रवेशात जेवण असतं, म्हणून दुपारी हलकं खा. सगळ्यात आधी पोकर काउंटरवर नाव नोंदवा, मग जेवायला जा. उलट केलं तर तुमच्या आधी दहा नावं लागतात.

प्रवेशात कूपन मिळालं असेल तर ते या वेळेत उडवून टाका. एकदाच चालणारं कूपन जिंका किंवा हरा, डीलर काढूनच घेतो. फक्त जिंकलेली रक्कम तुम्हाला मिळते. त्यामुळे एका शून्याच्या रुलेटवर हजाराचं कूपन लाल-काळ्यावर लावलं तर त्याची सरासरी किंमत ४८६ रुपये पडते आणि एकाच आकड्यावर लावलं तर ९४६. पुष्कळ ठिकाणी एका आकड्यावर कूपन लावू देत नाहीत, ते याचमुळे. अर्थात एका आकड्यावर ३७ पैकी ३६ वेळा हाती भोपळा. कूपन संपलं की रुलेटकडे पाठ. तिथे घर, म्हणजे कॅसिनो, जिंकतं. पोकरमध्ये घर फक्त रेक घेतं आणि तुमची गाठ समोरच्या माणसाशी असते.

टेबलावर नवख्याचे पैसे पत्त्यांपेक्षा रीतीने जास्त जातात. बोललेलं बांधील असतं: ‘रेझ’ तोंडातून गेलं की वाढवावंच लागतं. आधी चिप्स पुढे सरकवून, मग ‘थांबा, अजून’ म्हणत पुन्हा ठेवले तर दुसरी खेप धरत नाहीत. २०० च्या ब्लाइंडवर काही न बोलता १,००० चा एकच चिप टाकला तर तो फक्त कॉल (बरोबरी) मानतात, रेझ नाही. पाळी येण्याआधी पत्ते टाकू नका. आपल्या पत्त्यांवर एक चिप ठेवा, नाहीतर दुसऱ्याने फेकलेल्या पत्त्यांत मिसळून डीलर ते उचलतो आणि तो हात, म्हणजे तुमचा तो डाव, मेला. हात चालू असताना शेजाऱ्याशी मराठीत बोललात तर डीलर टोकतो. तुम्ही पत्ते सांगताय की पावसाचं बोलताय हे त्याला कळत नाही. फोन टेबलावर नको.

५० ब्लाइंड घेऊन बसल्यावर खेळ वेगळा होतो. लहान गावठी टेबलांवर पहिलाच रेझ चार-पाच ब्लाइंडचा, म्हणजे ८०० ते १,००० असतो. तुम्ही १,००० केलेत आणि दोघे आले, तर पॉट (मधे जमलेली रक्कम) ३,३०० च्या आसपास आणि तुमच्याकडे उरले ९,०००. पॉटच्या तिपटीहूनही कमी. इथे एक्का-राजा घेऊन एक्का जुळला तर मागे हटायला जागा नाही, ते चिप्स जाणारच आहेत. म्हणून सुरुवातीलाच भारी पत्ते निवडा. दोन पंज्या किंवा दोन छक्क्या अशी छोटी जोडी टाकून द्या. जोडीची तिडी (तीन सारखे पत्ते) फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांवर, साडेआठ वेळांतून एकदा लागते, आणि तिच्यासाठी १,००० भरायचे तर समोर निदान पंधरा-वीस हजार मिळण्याची शक्यता हवी. तुमच्याकडेच दहा आहेत. एकाच रंगाचे लागून पत्ते, जे मोबाइलवर इतके गोड वाटायचे, ते इथे त्याच कारणाने निकामी. फ्लॉपवर रंगाला (एकाच रंगाचे पाच पत्ते) एक पत्ता कमी असेल तर शेवटपर्यंत तो लागण्याची शक्यता ३५ टक्के, पुढच्या एका पत्त्यावर १९. अर्ध्या पॉटची बोली आली तर एका पत्त्यासाठी २५ टक्के लागतात. टाका.

दारू फुकट आहे म्हणजे कोणीतरी तिचे पैसे भरतंय. टेबलावर बसून पिणारा भरतो. लिंबूपाणी मागा, तेही फुकट असतं.

थांबायची वेळ आधी ठरवा: पहिली खरेदी संपली की एकदाच दुसरी, आणि तीही संपली की आजची रात्र संपली. जिंकत असाल आणि टेबलावर दोन ढिले, वाटेल त्या पत्त्यांवर पैसे लावणारे खेळाडू असतील तर बसून राहा. ते उठून गेले की तुम्हीही उठा. रात्री उतरताना मोठी रोख असेल तर रस्त्यावर मोजू नका, एकटे चालू नका.

शनिवार: स्पर्धा की टेबल

स्पर्धा असेल तर गावाकडचा माणूस तिकडे ओढला जातो, कारण ‘दहा हजारात लाखो’ असं दिसतं. आकडे मांडून पाहा. १०,००० ची प्रवेश-रक्कम, कर धरून १४,०००. त्यातलाही साधारण दहावा भाग आयोजकाचा असतो, बक्षिसांत जात नाही. शंभर जण उतरले तर बारा-पंधरा जणांना पैसे मिळतात. शेवटच्या बक्षिसाला १८,००० मिळाले असं धरा. १०,००० च्या वरच्या बक्षिसावर ३० टक्के कर कापूनच देतात, म्हणजे ५,४०० गेले आणि हातात १२,६००. शंभरातून पंधरावा येऊनही खिशातून १,४०० गेले. वरच्या तीन-चार जागांशिवाय स्पर्धेत अर्थ उरत नाही, आणि त्या जागा क्वचितच मिळतात.

तरीही मर्यादित खिशाला स्पर्धेचा एक गुण आहे: एकदा भरले की भरले, नुकसान तिथेच थांबतं. अट एकच, दुसऱ्यांदा प्रवेश घ्यायचा नाही, कारण त्यावर पुन्हा पूर्ण कर. शुक्रवारी दोन्ही खरेद्या गेल्या असतील तर शनिवारी स्पर्धा. एकच गेली असेल किंवा चिप्स खात्यात शिल्लक असतील तर पुन्हा टेबल. शनिवारचं टेबल आठवड्यातलं सगळ्यात ढिलं असतं, तरी प्रतीक्षायादीही सगळ्यात लांब. चारलाच जेट्टीवर पोचा.

खेळाचं पुडकं किती हवं? तीन खरेद्या, ४२,०००. दोन रात्रींत वीस तास खेळ झाला, तासाला तीसेक हात पडले, आणि तासाला ५ ब्लाइंडची सरासरी धरली, तर करापूर्वी १०० ब्लाइंड मिळायला हवेत. पण वीस तासांत नशिबाचा हेलकावा दोन्ही बाजूंना सव्वादोनशे ब्लाइंडपर्यंत सहज जातो. म्हणजे खरोखर चांगला खेळणाराही कर न धरता तीनपैकी एका सहलीत हरून परततो, आणि कर धरला की पाचपैकी साधारण दोन सहलींत. पेरणीचे, मुलांच्या फीचे किंवा सोसायटीच्या कर्जाचे पैसे या ४२,००० त नसावेत, हे वेगळं सांगायला नको. पण जिनिंगवर कापूस देऊन थेट स्टेशन गाठणारे असतात म्हणून लिहिलं.

रविवार: गाडीपर्यंतचा दिवस

खोली साधारण सकाळी दहा-अकराला सोडावी लागते आणि गाडी करमळीला रात्री साडेआठच्या सुमारास. सामान खोलीवाल्याकडे ठेवा. दहापैकी नऊ जण ठेवून घेतात. या रिकाम्या आठ-नऊ तासांत ‘जरा बोटीवर जाऊन येऊ’ हा विचार हमखास येतो. रविवारी दुपारी पुन्हा प्रवेश, पुन्हा चिप्स, पुन्हा कर, आणि घड्याळाकडे पाहत खेळ. त्यापेक्षा जुन्या गोव्यात उतरा, बॉम जीझस बॅसिलिका आणि समोरचं से कॅथेड्रल पाहा. दोन्हीला तिकीट नाही आणि करमळी तिथून जवळ. पाच-सहा तास पाठ टेकायला मिळाली नसली तरी सावलीची बाकं आहेत.

खात्यात चिप्स शिल्लक असतील तर ते शनिवारी रात्रीच मोकळे करून घ्या. रविवारी सकाळी काउंटरवर गर्दी असते आणि फक्त त्यासाठी पुन्हा बोटीवर सोडतीलच असं नाही.

बाटली आणू नका. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि वर्धा जिल्ह्यात तर १९७५ पासून दारूबंदी. पुलगाव-वर्ध्याला उतरणाऱ्याच्या पिशवीत गोव्याची बाटली म्हणजे दोन गुन्हे. काजू आणा.

सोमवार: उतरल्यावर

गाडी संध्याकाळी विदर्भात शिरते. शेगाव, अकोला, बडनेरा करत धामणगावला यायला अंधार पडतो. उशीर झाला तर शेवटची एसटी गेलेली असते. तिसऱ्या पुडक्यातले पैसे याच वेळेसाठी होते: रिक्षा किंवा स्टेशनाजवळ एक रात्र.

स्पर्धेत बक्षीस मिळालं असेल तर कापलेल्या कराचा कागद जपा आणि नंतर तुमच्या पॅनवर ती रक्कम चढली का ते आयकराच्या संकेतस्थळावर तपासा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून आपल्याकडे बरेच जण विवरणपत्रच भरत नाहीत. अशा माणसाच्या पॅनवर अचानक जिंकलेली रक्कम दिसते आणि नोटीस येते. हे उत्पन्न सर्वात सोप्या पहिल्या फॉर्ममध्ये दाखवता येत नाही, दुसरा भरावा लागतो. त्यावर ३० टक्के आणि वर ४ टक्के उपकर, मिळून ३१.२ टक्के कर लागतो. हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही, गाडीभाडं-खोलीही नाही. आणि बाकी काहीच उत्पन्न नसलं तरी करमाफीची नेहमीची मर्यादा या पैशाला लागू नाही. तालुक्याच्या ठिकाणी ‘कापलेला सगळा टॅक्स परत काढून देतो, दोन हजार लागतील’ म्हणणारे एजंट भेटतात. जिंकलेल्या रकमेवरचा तो कर परत मिळत नसतो, दोन हजार मात्र जातात.